देशाची अन्नसुरक्षा आणि आपली शेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेशन, हमीभाव आणि पीकपाणी या विषयांवर मी मराठवाड्यातल्या गावांत बैठका घेतो. बैठक संपून घरी पोचेपर्यंत फोन सुरू होतात आणि तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा येतात. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. अन्नसुरक्षा म्हणजे नक्की काय? सरकारी गोदामं भरलेली असली म्हणजे झालं ना?

गोदाम भरलं म्हणजे चारातली एक गोष्ट झाली. 1996 साली रोमच्या जागतिक अन्न परिषदेत जी व्याख्या मान्य झाली, तिचा अर्थ आपल्या भाषेत असा: अन्न उपलब्ध असावं, ते मिळवण्याची माणसाची ऐपत असावी, ते अंगी लागावं आणि हे सगळं बाराही महिने टिकावं. यातली एक बाजू ढासळली तरी भूक घरात येते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. तांदळाचा तुटवडा होता त्यापेक्षा तो विकत घेण्याची मजुरांची ताकद संपली होती, हे अमर्त्य सेन यांनी नंतर मांडलं.

आज देशात वर्षाला 35 कोटी टनांहून जास्त अन्नधान्य पिकतं. 1950-51 साली हा आकडा 5 कोटी टनांच्या आसपास होता. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) आढळला. पोट भात-पोळीने भरतंय. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडी यांची कमतरता आहे. खाली बरीचशी चर्चा डाळ आणि तेलाभोवती फिरते, त्याचं कारण हेच.

2. आजोबा सांगतात की पूर्वी अमेरिकेचा गहू खावा लागायचा. हे खरं आहे का?

अगदी खरं. 1956 पासून अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदतीच्या कराराखाली आपल्याकडे गहू येत होता. 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. बंदरात जहाज लागलं की त्यातला गहू थेट रेशन दुकानाकडे निघायचा. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन तेव्हा एकेका महिन्याचा हिशेब बघून जहाजं सोडत. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं ते याच काळात, आणि अनेक घरांनी ते पाळलं.

1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं गेलं. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम, शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग ही त्यामागची माणसं. पण नुसत्या बियाण्याने काम झालं नाही. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी 1965 मध्ये, भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले होते. पंजाबच्या शेतकऱ्याला पेरतानाच माहीत झालं की पिकेल तेवढा गहू सरकार ठरलेल्या भावाने नेईल. बियाणं, पाणी, खत आणि खात्रीची खरेदी हे चारही एकत्र आले म्हणून गव्हाची क्रांती झाली. ही चौथी गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न 5 मध्ये ती पुन्हा लागेल.

महाराष्ट्राची आठवण मात्र 1972 च्या दुष्काळाची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून ‘मिलो’ म्हणतात. ती लाल, परदेशी ज्वारी रेशनवर मिळायची. तिच्या भाकरीला चिकटपणा नसायचा, थापता थापता कडा तडकायच्या. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, वाटली जायची. खडी फोडायला गेलेल्या हातांना मजुरी मिळाली ती याच दुष्काळात, आणि त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा आला. ऐपत टिकवणं हा अन्नसुरक्षेचा भाग आहे, हे महाराष्ट्राने देशाच्या आधी कायद्यात लिहिलं.

3. सरकार एवढं धान्य साठवून का ठेवतं? किती ठेवायचं याचा काही नियम आहे का?

नियम आहे. दर तिमाहीला किमान किती साठा हवा हे ठरलेलं असतं. 1 जुलैला, म्हणजे गव्हाची खरेदी आटोपल्यावर, 275.8 लाख टन गहू आणि 135.4 लाख टन तांदूळ असायला हवा. 1 जानेवारीला हीच मर्यादा 138 आणि 76.1 लाख टनांवर येते. यात अडीअडचणीचा राखीव साठाही धरलेला आहे.

2022 च्या मार्चमध्ये उत्तर भारतात गहू दाण्यात भरत असताना कडक ऊन पडलं, दाणा सुरकुतला. त्याच वेळी युक्रेनच्या युद्धामुळे बाजारभाव चढले आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या 433 लाख टनांवरून 188 लाख टनांवर घसरली. तरी देशभर रेशन चालू राहिलं, कारण आधीचा साठा हाताशी होता.

तांदळाचा प्रश्न उलटा आहे. गेली काही वर्षं तो गरजेच्या कितीतरी पट साठतोय. त्याचं पुढे काय होतं ते प्रश्न 10 मध्ये.

4. हमीभाव कोण ठरवतं? आणि जाहीर झालेला भाव आम्हाला मोंढ्यात (धान्य बाजारात) का मिळत नाही?

कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळ मंजूर करतं. उसाचा रास्त भाव धरून 23 पिकं या यादीत आहेत. 2018 पासून खर्चाच्या दीडपट भाव देण्याचं धोरण आहे. पण तो खर्च म्हणजे रोख खर्च अधिक घरच्यांची मजुरी. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चावर 50 टक्के म्हटलं, आणि शेतकरी संघटनांच्या मते त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही येतं. दोन्हीत बराच फरक पडतो, आणि शेतकरी संघटनांचं भांडण त्यावरच आहे.

आता दुसरा भाग. हमीभाव म्हणजे ‘त्याखाली कुणी घेऊच नये’ असा कायदा देशपातळीवर नाही. सरकारी खरेदी केंद्र उघडलं आणि तुमचा माल त्यांनी घेतला तरच तो भाव. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने 2015 मध्ये सांगितलं होतं की देशातले जेमतेम 6 टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकतात. त्यातले बहुतेक गहू आणि भाताचे.

2024 चा सोयाबीनचा हंगाम घ्या. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, मोंढ्यात 4,000 ते 4,300. माझ्या मामांनी नोंदणी केली, संदेश आला, ट्रॅक्टरमध्ये 22 कट्टे भरून ते पहाटे केंद्रावर गेले. दुपारी नंबर लागला. तिथल्या पोराने कट्ट्यात नळी खुपसली, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या डबीत टाकले. आकडा आला 13.6 टक्के. मर्यादा 12 ची. ‘वाळवून आणा’ म्हणाला. दिवाळी तोंडावर, मजुरांचे पैसे द्यायचे होते, वर ट्रॅक्टरचं भाडं. मामा तिथूनच मोंढ्याकडे वळले आणि 4,050 ने घालून आले. पुढे नोव्हेंबरात सरकारने मर्यादा 15 वर नेली, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता. त्या हंगामात राज्यात सुमारे 11 लाख टन सोयाबीन खरेदी झालं, ती देशातल्या मोठ्या खरेदींपैकी एक होती, पण राज्याचं उत्पादन त्याच्या कितीतरी पट आहे.

व्यवहाराचं सांगायचं तर ई-पीक पाहणी वेळेवर करा, कारण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर खरेदीची नोंदणी होत नाही. माल केंद्रावर न्यायच्या आधी मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याकडे ओलावा मोजून घ्या. चाळणी मारून माती-काडी काढा. एवढं केलं तर परत येण्याची वेळ कमी येते.

5. आपल्याकडे एवढी जमीन आहे, मग डाळ आणि तेल बाहेरून का आणायचं?

मला सगळ्यात जवळचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जगात सगळ्यात जास्त डाळ आपण पिकवतो, सगळ्यात जास्त खातो आणि सगळ्यात जास्त आयातही करतो. 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख टन कडधान्य बाहेरून आलं. खाद्यतेलाचं तर निम्म्याहून जास्त बाहेरचं आहे, वर्षाला साधारण 1 कोटी 60 लाख टन: पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं.

कारण जमिनीत कमी आणि धोरणात जास्त आहे. पंजाबचा शेतकरी भात लावतो तेव्हा पाणी, वीज आणि खरेदी तिन्हींची खात्री असते. आपल्याकडचा शेतकरी तूर लावतो ती कापसाच्या किंवा सोयाबीनच्या ओळीत, मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर. पाच-सहा महिन्यांचं पीक. मर रोग आला तर उभं झाड चार दिवसांत वाळतं. फुलात असताना ढगाळ हवा आली की शेंगअळी. हेक्टरी उतारा सरासरी आठ-नऊ क्विंटल. आणि एवढं करून काढणीला आल्यावर भाव काय असेल याचा पत्ता नाही.

पिकवता येत नाही असं मात्र अजिबात नाही. हरभऱ्याकडे पाहा. राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘फुले विक्रम’ हा वाण उंच वाढतो आणि यंत्राने काढता येतो. असे वाण आले, 2017-18 मध्ये आयात शुल्क वाढलं, सरकारसाठी माल घेणाऱ्या नाफेड या सहकारी संघाची खरेदी झाली आणि हरभऱ्याचं उत्पादन वर्षाला 1 कोटी टनांच्या वर गेलं. तुरीतही बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन 711 हा वाण आहे. तो मर रोगाला दाद देत नाही आणि लवकर येतो. तेलबियांत 1986 साली तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. मग आयात खुली झाली, शुल्क उतरलं, स्वस्त पाम आलं आणि आमच्या भागातली करडई, जवस, भुईमूग रानातून हटले. आमच्या गावात घाण्याच्या तेलाचा वास यायचा, तो मला लहानपणचा आठवतो. आता घाणा नाही आणि करडई पाहायची तर शिवार पालथं घालावं लागतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने तूर, उडीद आणि मसुरासाठी 11,440 कोटींचं स्वावलंबन अभियान मंजूर केलं, लक्ष्य 2030-31 पर्यंत 350 लाख टन कडधान्य. चार वर्षं नोंदणीकृत शेतकऱ्यांचा देऊ केलेला सगळा माल हमीभावाने घेण्याची तरतूद त्यात आहे. माझ्या मते अभियानाचा जीव त्या एका ओळीत आहे. गव्हाच्या शेतकऱ्याला 1965 पासून जी खात्री मिळाली ती तुरीच्या शेतकऱ्याला सलग दहा वर्षं मिळाली, तर डाळीसाठी जहाजाची वाट पाहावी लागणार नाही.

6. बाहेरची डाळ स्वस्त पडत असेल तर काय बिघडलं? शहरातल्या गरिबाला स्वस्त मिळते ना?

स्वस्त डाळीची गरज खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण स्वस्त हा शब्द आजच्या दिवसापुरता असतो.

एप्रिल 2022 च्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात एकदम थांबवली. बंदी महिनाही टिकली नाही, पण तेवढ्यात आपल्याकडे दुकानात तेलाचे भाव कुठे गेले ते प्रत्येक घराला आठवत असेल. तुरीचं तर आणखी अवघड. जगात तूर खाणारे मुख्यतः आपणच. म्यानमार, मोझांबिक, मालावी, टांझानिया असे मोजकेच देश आपल्यासाठी पिकवतात. आपलं पीक बुडालं की आपण बाजारात उतरतो आणि आपल्यामुळेच भाव चढतो.

2015 च्या शेवटी तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. शेतकऱ्यांनी भाव बघून 2016 च्या खरिपात भरपूर तूर लावली, पाऊसही बरा झाला, उत्पादन 25 लाख टनांवरून 48 लाख टनांवर गेलं. पण तोपर्यंत आयातीचे सौदे झालेले होते. 2017 च्या सुरुवातीला हमीभाव बोनससह 5,050 असताना बाजारात 4,000 सुद्धा मिळेना. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, लोक पोत्यांवर झोपलेले. पुढच्या वर्षी त्यांनी तूर कमी केली. 2021 पासून आयात पुन्हा खुली झाली, नंतर शुल्कही शून्यावर आलं. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून शुल्काविना आला आणि हरभऱ्याच्या बेसनाची जागा खाऊ लागला. त्यावर 30 टक्के शुल्क लागलं ते नोव्हेंबर 2025 पासून.

ग्राहकाला वाचवायला आयात हवी तेव्हा करावी, पण शुल्क पेरणीआधी ठरावं आणि बाजारभाव हमीभावाखाली जाताच ते आपोआप चढावं. शेतकऱ्याला पेरताना जे सांगितलं ते काढणीला बदलू नये.

7. रेशनवर कुणाला किती धान्य मिळतं?

2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांपर्यंत हा हक्क पोचवला, देशभरात मिळून सुमारे 81 कोटी माणसं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला घरटी 35 किलो. कायद्यात भाव तांदूळ 3, गहू 2 आणि भरड धान्य 1 रुपया किलो असे होते. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत मिळतं आणि 2024 च्या जानेवारीपासून आणखी पाच वर्षं तसंच राहणार आहे. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली 18 वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री असते. पुष्कळ ठिकाणी अजून पुरुषाचं नाव दिसतं, ते बदलून घ्या.

डाळ आणि तेल या कायद्यात नाही. सणाला राज्य सरकारं किट देतात ती वेगळी योजना.

8. आमचं कार्ड केशरी आहे, हातावर पोट आहे, तरी तहसीलमध्ये म्हणतात ‘इष्टांक शिल्लक नाही’. म्हणजे काय?

इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरलेली संख्या. महाराष्ट्रासाठी ती सुमारे 7 कोटी आहे आणि 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर माणसं वाढली, संख्या तीच राहिली. त्यामुळे जागा मोकळी झाल्याशिवाय, म्हणजे मृत, स्थलांतरित किंवा अपात्र नावं कमी झाल्याशिवाय, नवीन नाव बसत नाही. हा तुमचा दोष नाही.

केशरी कार्ड असणं आणि धान्याला पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड वर्षाला 1 लाखापर्यंतच्या उत्पन्नावर मिळतं. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याची कुठेच नोंद राहत नाही. ग्रामसभेत अपात्र नावांची यादी वाचायला लावा, जागा तिथूनच निघतात.

एक अपवाद आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी माणशी महिना 150 आणि पुढे 170 रुपये खात्यावर देण्याचं ठरलं. एवढ्यात बाजारातून 5 किलो धान्य येणं अवघड आहे हे मी प्रत्येक बैठकीत मांडतो, इथेही मांडतो.

9. शेतकरी स्वतः पिकवतो, मग त्याला रेशन कशाला?

हा प्रश्न बहुतेकदा शहरातून येतो. राज्यातली सरासरी शेती 1.34 हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरांच्या आत. पाऊण हंगाम त्यात सोयाबीन किंवा कापूस असतो. सोयाबीनचे वीस कट्टे ओसरीत लागलेले असले तरी त्यांची भाकरी होत नाही. ते विकून आलेल्या पैशातून आधी कृषी दुकानदाराची उधारी जाते, मग सोसायटीचं कर्ज, आणि उरलं त्यात गहू, तांदूळ, तेल, डाळ विकत. पूर्वी ज्वारीची कणगी भरलेली असायची तेव्हा गोष्ट वेगळी होती. अन्न पिकवणारं घरच आज अन्न विकत घेतं, आणि मोठ्या आजारपणाच्या वर्षी रेशनच्या 20-25 किलोंवर त्या घराची चूल टिकते.

10. धान्यापासून इथेनॉल करतात. हे अन्नसुरक्षेच्या विरुद्ध नाही का?

सगळंच विरुद्ध आहे असं नाही. उसाच्या मळीपासून इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन, झालं तर कुणाच्या ताटातलं काही जात नाही. कारखान्याला पैसा मिळतो आणि शेतकऱ्याची थकबाकी कमी होते. अडचण धान्याची. 2024-25 मध्ये अन्न महामंडळाचा 52 लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी ठरवून दिला गेला, किलोला साडेबावीस रुपयांनी. तोच तांदूळ विकत घेऊन, साठवून, वाहून नेईपर्यंत सरकारला 40 रुपयांच्या आसपास पडतो. भातासाठी पंजाबात जमिनीखालचं पाणी भरून येतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. ते पाणी शेवटी गाडीच्या टाकीत जातं.

मक्याचं वेगळं. इथेनॉलमुळे भाव आला आणि आपल्याकडे मका वाढला, काही ठिकाणी तो सोयाबीनच्या जागी आला. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले त्याचा मला आनंद आहे. पण कोंबडीखाद्य महागलं की अंडं महागतं, आणि गरिबाच्या घरात येणारं सगळ्यात स्वस्त प्रथिन तेच आहे.

11. कांद्याची निर्यातबंदी ही अन्नसुरक्षेसाठी असते का?

कायद्याच्या अर्थाने नाही. कांदा ना रेशनवर आहे ना हमीभावाच्या यादीत. ती भाव खाली ठेवण्यासाठी असते. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला पूर्ण बंदी, 4 मे 2024 ला अटींसह मोकळीक, आणि शेवटचं शुल्क गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. दोन वर्षांत एवढ्या वेळा नियम फिरले. लासलगावात सकाळचा लिलाव सुरू असताना बातमी आली की दुपारी भाव शे-पाचशेने उतरतो, आणि कांदाचाळीत सहा महिने सांभाळलेला माल घेऊन आलेला माणूस तसाच उभा राहतो. गहू (मे 2022) आणि बिगर-बासमती पांढरा तांदूळ (जुलै 2023 ते सप्टेंबर 2024) यांच्यावरच्या बंदीमागे निदान साठ्याची काळजी होती. कांद्याला तेच कारण लावणं मला पटत नाही.

12. ज्वारी-बाजरी परत आणली तर प्रश्न सुटेल का?

बराचसा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती परतीच्या पावसाच्या ओलीवर काळ्या रानात येते, पाटपाणी मागत नाही, आणि कडबा देते. कडब्याचा अर्थ शहरात पटकन कळत नाही: एक पीक माणसाचं आणि जनावराचं दोघांचं पोट भरतं. ज्वारी हटली तशी दावणीही रिकाम्या झाल्या.

मग शेतकरी ती का लावत नाही? काढणीला माणसं मिळत नाहीत. ज्वारी वाकून उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळं करायचं. पाखरांची राखण वेगळी. सोयाबीन यंत्राने अर्ध्या दिवसात निघतं. 2023 हे भरडधान्य वर्ष झालं, मालदांडीचा हमीभाव 2025-26 साठी 3,749 झाला, ते चांगलंच. पण कडबा न तुडवता काढणारं यंत्र आणि रेशनवर नियमित ज्वारी, या दोन गोष्टी आल्या तर मी खात्रीने सांगतो, आमच्या शिवारात ज्वारी दिसेल.

13. देशात पिकलं म्हणजे आपण पूर्ण स्वावलंबी, बरोबर?

पूर्ण नाही. खतांचं बघा: पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं, डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) आणि त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात बाहेरचा, आणि युरिया इथे बनला तरी त्याला लागणारा बराचसा नैसर्गिक वायू आयात होतो. 266 रुपये 50 पैशांना 45 किलोची युरियाची गोणी मिळते ती अनुदानामुळे. पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळत नाही तेव्हा त्याचं मूळ बऱ्याचदा परदेशी बंदरात असतं. कडधान्याचं पीक हवेतला नत्र जमिनीत बांधतं. तूर-हरभरा वाढला तर डाळीबरोबर युरियाही वाचतो.

14. हमीभावाने जास्त खरेदी केली तर जागतिक व्यापार संघटना अडवते, असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. तिच्या नियमाने एखाद्या पिकाला दिलेला आधार त्या पिकाच्या एकूण किमतीच्या 10 टक्क्यांत राहायला हवा. मेख अशी की तुलना 1986-88 च्या भावांशी करतात, म्हणून आजचा साधा हमीभावही फुगलेला दिसतो. डिसेंबर 2013 मध्ये बाली इथे तात्पुरती सवलत मिळाली: अन्नसुरक्षेसाठीच्या तेव्हा चालू असलेल्या साठवणूक योजनांवर मर्यादा ओलांडली तरी कुणी दावा करणार नाही. भारताने ती 2018-19 च्या तांदळापासून वापरली आहे. कायमचा तोडगा अजून नाही. तुरीसारख्या पिकाची खरेदी वाढवायला आज यामुळे हात बांधलेले आहेत असं मात्र समजू नका.

15. आम्ही सहा महिने ऊसतोडीला जातो. कार्ड गावाकडं, आम्ही फडावर. धान्य बुडतं का?

बुडायला नको. 2022 च्या जूनपासून देशात कुठल्याही रास्त भाव दुकानात त्याच कार्डावर धान्य घेता येतं, कर्नाटकात गेलात तरी. कार्ड सोबत नसलं तरी त्याचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आणि आधार पुरतं. घरातलं एक माणूस गावी धान्य घेऊ शकतं, बाकीचं उरलेलं फडाजवळ. निघायच्या आधी सगळ्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) पूर्ण करा. उसाच्या पाचटाने बोटं घासून ठसे उमटेनासे होतात, बीडच्या किती तरी बायांची ही तक्रार आहे; तेव्हा आधार केंद्रात ठसे नव्याने घ्या आणि मोबाइल क्रमांक जोडून ठेवा.

16. महिनाभर धान्य आलंच नाही. भरपाई मिळते का? आणि दुष्काळ असेल तर?

हक्काचं धान्य दिलं नाही तर राज्य सरकारने अन्नसुरक्षा भत्ता रोख द्यावा, असं कायद्याचं कलम 8 सांगतं. तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. दुकानाच्या यंत्रावर तुमच्या नावे धान्य उचललेलं दिसतंय का, हे आधी ऑनलाइन पाहा. दिसत असेल तर ती उचल कुणी केली हीच तुमची मुख्य तक्रार.

दुष्काळाचा भाग गुंत्याचा आहे. कलम 44 मध्ये लिहिलंय की युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ किंवा भूकंप यांमुळे पुरवठा विस्कळीत झाला तर सरकारवर दाव्याची जबाबदारी राहणार नाही. म्हणजे धान्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच हक्क सैल होऊ शकतो. पण तशी परिस्थिती आहे की नाही हे जाहीर करण्याचा अधिकार केंद्राला आहे. दुकानदार किंवा तालुक्याचं कार्यालय आपल्या तोंडाने ‘दुष्काळ आहे, माल नाही’ म्हणू शकत नाही. आणि 13 मे 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त राज्यांबद्दल, ज्यात महाराष्ट्र होता, उलट दिशेने आदेश दिला: दुष्काळी भागातल्या कुटुंबाकडे कार्ड नसलं तरी त्याला धान्य द्यावं, आणि शाळेतलं माध्यान्ह भोजन उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू ठेवावं. तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल आणि कार्ड नाही म्हणून परत पाठवलं, तर अर्जात या आदेशाची तारीख लिहा.